कुपीचा रंग आणि औषधाची पारख

सोन्याची पारख कसोटीच्या दगडावर होते, दुधाची लॅक्टोमीटरवर होते आणि हापूसची वासावर होते, असा व्यवहारातला समज आहे. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, गेल्या काही दशकांत गल्लोगल्ली ज्या जिम निघाल्या, त्यांत आणखी एका वस्तूचे पारखी तयार झाले आहेत. ही वस्तू म्हणजे स्नायू फुगविण्यासाठी टोचून घेतली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स. काचेची लहानशी कुपी उजेडासमोर धरायची. आतले तेल पिवळे आहे की पाण्यासारखे, दाट आहे की पातळ, तळाशी खडे धरले आहेत काय, झाकणाची पत्री सरळ बसली आहे काय, लेबलावरचा होलोग्राम चमकतो काय, हे पाहायचे. आणि ‘माल असली आहे’ किंवा ‘माल डुप्लिकेट आहे’ असा निर्वाळा द्यायचा. निर्वाळा देणारा बहुधा ट्रेनर असतो, आणि पुष्कळदा माल विकणाराही तोच असतो.

ही पारख भ्रामक आहे, एवढे सांगून विषय संपत नाही. औषधाच्या शुद्धतेचा निर्णय विशी-बाविशीच्या पोराने जिमच्या कोपऱ्यात दिव्याखाली करावा, ही पाळी त्याच्यावर का आली, हा खरा प्रश्न आहे. ज्या देशात १९४० पासून औषधांच्या दर्जाचा कायदा आहे, त्या देशातील सर्वांत मोठ्या औद्योगिक शहरात हे घडत असेल, तर त्याचा जाब तरुणांच्या मोहाइतकाच शासनाच्या उदासीनतेलाही विचारला पाहिजे.

रंग काय सांगतो?

प्रथम कुपीत काय असते ते पाहू. टेस्टोस्टेरॉन किंवा नँड्रोलोन यांची टोचण्याजोगी रूपे ही मुळात बहुधा पांढरी भुकटी असते. ती वनस्पतिजन्य तेलात विरघळविली जाते. विरघळण्यास मदत व्हावी म्हणून बेन्झिल बेन्झोएट आणि जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झिल अल्कोहोल घातले जाते. म्हणजे डोळ्यांना जो रंग दिसतो तो प्रामुख्याने तेलाचा असतो. डेका-ड्युराबोलिन या जुन्या, जगभर परिचित असलेल्या नँड्रोलोनच्या इंजेक्शनात शेंगदाण्याचे तेल वापरलेले असते. टेस्टोस्टेरॉनची काही इंजेक्शने तिळाच्या तेलात, काही सरकीच्या तेलात बनतात. टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटची चार मिलिलिटरची मात्रा एरंडेलात असते, म्हणून ती चांगलीच दाट असते. खोबरेलापासून काढलेल्या विशिष्ट स्निग्धांशात केलेले द्रावण जवळजवळ रंगहीन दिसते. स्टॅनोझोलॉलची गोष्ट आणखी वेगळी. ते पाण्यात विरघळत नाही, नुसते तरंगत राहते. त्यामुळे कुपी दुधाळ दिसते आणि स्थिर ठेवली की तळाशी चूर्ण बसते. टेस्टोस्टेरॉन सायपिओनेटच्या कुपीत थंडीने स्फटिक धरतात आणि उष्णतेने ते पुन्हा विरघळतात, हे त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच नमूद असते.

याचा अर्थ असा की दोन अस्सल कुप्या एकमेकींपासून रंगाने आणि दाटपणाने पूर्णपणे भिन्न असू शकतात. उलट, एक अस्सल आणि एक बनावट अशा दोन कुप्या जुळ्या भावंडांसारख्या दिसू शकतात. कारण बनावट माल करणाऱ्याला तेलाचा रंग जुळविणे मुळीच कठीण नाही. लेबल छापणारे, बाटल्या विकणारे, झाकणे बसविणारे यंत्र पुरविणारे सर्वत्र आहेत. काही औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर संकेत छापण्याची सक्ती ऑगस्ट २०२३ पासून झाली. पण छापलेला संकेत हाही अखेर छापता येणारा संकेतच होय. शिवाय उत्पादक स्वतःच वेळोवेळी वेष्टन बदलतो, झाकणाचा रंग बदलतो. तेव्हा कालची खूण आज खोटी ठरते आणि खोट्या मालाला कालच्या खुणेचा आधार मिळतो.

आणि जे खरोखर जाणायला हवे ते डोळ्यांना दिसतच नाही. लेबलावर जे द्रव्य लिहिले आहे तेच आत आहे काय? एका मिलिलिटरमध्ये जितके मिलिग्रॅम लिहिले आहेत तितके आहेत काय? द्रावण निर्जंतुक आहे काय? त्यात शिशासारखा विषारी धातू उतरला आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांना प्रयोगशाळेतील यंत्र उत्तर देते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी नमुना पोषक द्रवात घालून चौदा दिवस राखावा लागतो, आणि जंतू वाढत नाहीत अशी खात्री झाल्यावरच तो निर्जंतुक मानला जातो. ज्या गोष्टीला प्रयोगशाळेत चौदा दिवस लागतात, तिचा निकाल जिममध्ये चौदा क्षणांत लागतो.

मुंबईने दोनदा मोजलेली किंमत

दिसण्यावर विसंबण्याची किंमत काय असते, हे मुंबईला नव्याने शिकविण्याची गरज नाही. १९८६ च्या प्रारंभी सर ज. जी. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. दोन्ही द्रव रंगहीन, दोन्ही दाटसर, दोन्ही चवीला गोडसर. रुग्णाला फरक कळणे शक्य नव्हते, परिचारिकेलाही नव्हते. तो कळून घेण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले होते, त्यांनी ते केले नाही. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाचा जो पंचनामा केला, त्यात रुग्णालयाची खरेदी-व्यवस्था, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय यांच्यापैकी कोणीही सुटले नाही.

दुसरा प्रसंग उपनगरातलाच. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्या दारूत मिथाइल अल्कोहोल होते. मिथाइल अल्कोहोल आणि पिण्याचे इथाइल अल्कोहोल यांच्यात डोळ्यांना जाणवेल असा भेद नाही. मेलेली माणसे हातावर पोट असलेली होती. कायद्याच्या चौकटीबाहेरचा माल त्यांनी घेतला हे खरे. परंतु म्हणून त्यांच्या मृत्यूची जबाबदारी त्यांच्यावरच टाकून शासनाला हात झटकता आले नाहीत, आणि येऊही नयेत.

या दोन प्रसंगांत एकच सूत्र आहे. जेथे वस्तूचा गुण डोळ्यांना अदृश्य असतो, तेथे ग्राहकाची सावधगिरी हे संरक्षण ठरू शकत नाही. तेथे सार्वजनिक तपासणी हेच एकमेव संरक्षण असते. स्टेरॉइडची कुपी ही याच जातीची वस्तू आहे. फरक इतकाच की येथे माणसे एका रात्रीत शंभराने मरत नाहीत. कोणाच्या दंडात गळू होते, कोणाचे यकृत सुजते, कोणाचे हृदय पस्तिशीतच थकते. हे मृत्यू आणि ही आजारपणे विखुरलेली असतात, म्हणून त्यांची चौकशी करण्यासाठी आयोग बसत नाही.

बाजाराचा न्याय

१९७० साली जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे २००१ साली त्याला जे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात काय होते, हा त्याचा प्रश्न होता. घेणारा सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल देणे परवडत नाही. चांगला विक्रेता बाजूला होतो. सरासरी आणखी खाली येते. वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावतो. ॲकरलॉफ तरुणपणी काही काळ भारतात राहिला होता, आणि तांदळात मुद्दाम मिसळलेले त्याच रंगाचे खडे निवडत बसणारी इथली गृहिणी त्या निबंधात उदाहरण म्हणून आली आहे.

तांदळाच्या गृहिणीला निदान खडा दिसतो, आणि निवडताना चुकला तर दाताखाली येतो. कुपीच्या ग्राहकाला तेवढीही सोय नाही. औषधाचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, आणि त्याच काळात व्यायाम वाढलेला असतो, अंडी-चिकन वाढलेले असते. तेव्हा दंड कशाने भरले हे सांगता येत नाही. महागड्या द्रव्याच्या नावाखाली स्वस्त टेस्टोस्टेरॉन भरलेले असेल, तरी गुण येतोच. आणि गुण आला म्हणजे माल खरा, असे घेणारा समजतो. टोचलेली जागा सुजली, ठणकली, अंगात कणकण आली, तर ‘माल कडक आहे’ असा उलटा अर्थ लावला जातो; प्रत्यक्षात ते द्रावकाचे अधिक प्रमाण असते किंवा जंतुसंसर्गाची नांदी असते. मात्रा कमी भरलेली असेल तर घेणारा दुप्पट टोचू लागतो, आणि पुढची कुपी नेमकी पूर्ण मात्रेची निघाली तर तीही दुप्पट टोचली जाते. म्हणजे अनुभवसुद्धा येथे शहाणपण देत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. २०२२ साली ‘बीएमसी पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात १९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्या अभ्यासांत काळ्या बाजारातील पाच हजारांहून अधिक स्टेरॉइडांची तपासणी झालेली होती. सुमारे ३६ टक्के माल बनावट निघाला, आणि दर्जाहीन मालाचे प्रमाण सुमारे ३७ टक्के आढळले. ही आकडेवारी मुंबईची नाही. मुंबईची आकडेवारी कोणी गोळा केलेली दिसत नाही, आणि हेच या लेखातील गाऱ्हाण्याचे मूळ आहे. केंद्र सरकारने २०१४ ते २०१६ या काळात देशभरातून ४७ हजारांहून अधिक औषधांचे नमुने घेऊन तपासले, आणि ३.१६ टक्के नमुने दर्जात कमी पडल्याचे जाहीर केले. पण ते नमुने सरकारी पुरवठ्यातून आणि औषधांच्या दुकानांतून घेतलेले होते. जिमच्या लॉकरमधून नमुना घेण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

शरीर हेच भांडवल

या प्रश्नाकडे छानछोकीचा प्रश्न म्हणून पाहण्याची सुशिक्षितांची प्रवृत्ती आहे. ती चुकीची आहे. गिरणगावातील व्यायामशाळेत जोर-बैठका मारणारा तरुण आठ तासांची पाळी करून येत असे. शरीर कमावणे हा त्याचा छंद होता, अभिमान होता, पोट त्यावर अवलंबून नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या गेल्या, आणि त्यामागून उपनगरांतले कारखानेही एकेक करून गेले. मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी औषधनिर्मितीचे मोठमोठे कारखाने होते. होख्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र तेथे १९७२ मध्ये उभे राहिले होते. ज्या उपनगरात औषधाच्या प्रत्येक बॅचची तपासणी करणारे कामगार आणि रसायनतज्ज्ञ राहत होते, तेथे त्यांच्या नातवंडांनी कुपी दिव्यासमोर धरून औषध ओळखावे, यापरता काळाचा विपर्यास कोणता?

कारखान्याच्या जागी टॉवर आले, आणि टॉवरला पहारेकरी लागतो. बारला बाउन्सर लागतो, पुढाऱ्याला अंगरक्षक लागतो, अंधेरीच्या स्टुडिओंना पडद्यामागे उभी राहणारी पिळदार शरीरे लागतात, आणि जिमला ट्रेनर लागतो. या सर्व नोकऱ्यांत छातीचा घेर ही पात्रता असते आणि पगार तुटपुंजा असतो. ट्रेनरचे तर पोटच पुष्कळदा कमिशनवर चालते. डब्यातली पावडर विकणारा हळूहळू कुपी विकू लागतो. उपनगरातील मैदानांवर ‘श्री’ किताबांच्या स्पर्धा भरतात, त्यांचे फलक पुढाऱ्यांच्या छायाचित्रांनी सजलेले असतात, बक्षिसाचा धनादेश मंचावर दिला जातो. पण स्पर्धकांच्या उत्तेजक-चाचणीचा खर्च त्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसतो. ज्याच्याजवळ शरीराखेरीज विकण्याजोगे काहीच नाही, तो शरीरावर जुगार खेळतो. त्या जुगाराचा पट मांडणारे मात्र नामानिराळे राहतात.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की जो डॉक्टरच्या चिठ्ठीविना असले पदार्थ टोचून घेतो, त्याच्या मालाच्या शुद्धतेची चिंता समाजाने का वाहावी? याचे उत्तर मालवणीच्या प्रसंगात येऊन गेले आहे. येथे त्यात एक भर घालावी लागेल. ॲनाबॉलिक द्रव्ये आपल्याकडे औषध नियमांच्या अनुसूची ‘एच’मध्ये आहेत, म्हणजे ती नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकता येतात. कायद्याचा रोख विक्रेत्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. २००८ च्या दुरुस्तीने, जिचा अंमल २००९ पासून सुरू झाला, जीव जाऊ शकेल किंवा गंभीर इजा होऊ शकेल असे बनावट औषध करणाऱ्याला व विकणाऱ्याला किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे. विधिमंडळाने घेणाऱ्याला बळी मानले असताना, प्रशासनाने त्याला गुन्हेगार मानण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मालाची तपासणी करून निकाल जाहीर केले, तर शुद्ध ठरलेल्या मालाला प्रतिष्ठा मिळेल आणि व्यसन वाढेल, असा तो आहे. हा धोका खरा आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे: शुद्ध स्टेरॉइड हेही निरोगी तरुणाला घातकच असते. ते शरीराची स्वतःची संप्रेरकनिर्मिती बंद पाडते, वंध्यत्व आणते, रक्तातील उपकारक कोलेस्टेरॉल घटविते, हृदयाचा स्नायू जाड करते. डेन्मार्कमधील जिममध्ये उत्तेजक-चाचणीत सापडलेल्या पुरुषांचा संशोधकांनी पुढे मागोवा घेतला, तेव्हा त्यांचे मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या इतर पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळले. ‘असली माल घेतला तर काही होत नाही’ ही जिममधली म्हण म्हणजे विक्रेत्याची सर्वांत यशस्वी जाहिरात आहे. असली-डुप्लिकेटच्या चर्चेत तरुण इतका गुंततो की मुळात घ्यावे की नाही हा प्रश्नच मागे पडतो. अशी भेसळ सरकारी प्रयोगशाळेने उघड केली, तर त्या जाहिरातीचा पायाच निखळेल. आज जो भरवसा ट्रेनरच्या डोळ्यांवर आहे तो मोडायचा असेल, तर त्याच्यासमोर रसायनशाळेचा कागद ठेवावा लागेल. नुसता उपदेश पुरणार नाही.

काय करता येईल

यासाठी नवा कायदा लागत नाही. १९४० च्या कायद्याच्या २६ व्या कलमान्वये कोणीही नागरिक, किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विकत घेतलेले औषध ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते. या अधिकाराची माहिती किती जणांना आहे? वांद्रे-कुर्ला संकुलात अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय आहे; घाटकोपरहून तेथे जायला फारसा वेळ लागत नाही. प्रशासनाने उपनगरांतील जिममधून आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडून नमुने घ्यावेत, घेणाऱ्याचे नाव न विचारता लोकांनी आणून दिलेल्या कुप्याही स्वीकाराव्यात, आणि दर तिमाहीला निकाल मराठीत, हिंदीत जाहीर करावेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये विद्यापीठीय संशोधकांनी वापरणाऱ्यांकडून असे नमुने घेऊन तपासले, तेव्हा लेबल आणि आतला पदार्थ यांतील तफावत व शिसे-आर्सेनिकाचे अंश उघड झाले. जे तेथे झाले ते येथे होऊ नये असे काही नाही.

माणसे नाहीत, ही सबब पुढे येईल. ती खरीही आहे. औषध निरीक्षकांची पदे राज्यात वर्षानुवर्षे रिकामी राहिली आहेत. परंतु ही सबब देणारेच तिचे कर्ते आहेत. दर ५० कारखान्यांमागे एक आणि दर २०० दुकानांमागे एक निरीक्षक असावा, अशी शिफारस माशेलकर समितीने २००३ सालीच केली होती.

कूपर, राजावाडी यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस असा बाह्यरुग्ण विभाग चालवावा की जेथे तरुण न लपविता सांगू शकेल आणि पोलिसांची भीती न बाळगता उपचार घेऊ शकेल. जिमला परवाना देताना ट्रेनरने औषध वा इंजेक्शन विकल्यास परवाना रद्द होईल अशी अट घालावी. डेन्मार्कमध्ये प्रत्येक जिमला, आपण उत्तेजक-चाचणीच्या योजनेत आहोत की नाही, हे हसऱ्या किंवा दुर्मुखलेल्या चेहऱ्याच्या चित्राने दारावर दाखवावे लागते. असा फलक बोरिवलीच्या जिमच्या दारावरही शोभेल. आणि ज्या पुढाऱ्यांना ‘श्री’ किताबाच्या मंचावर मिरवायचे आहे, त्यांनी बक्षिसाच्या रकमेबरोबर चाचणीचाही खर्च उचलावा.

लेंटिन आयोगाच्या अहवालाला जवळजवळ चार दशके झाली. औषध तपासणे हे औषध घेणाऱ्याचे काम नव्हे, हा त्या अहवालाचा धडा होता. तो उपनगरांतील जिमच्या दारापर्यंत अजून पोहोचलेला नाही. तो पोहोचवायचा की या बाजारातही एखाद्या मालवणीची वाट पाहायची, याचे उत्तर प्रशासनाने आणि त्याच्यावर हुकमत चालविणाऱ्या मंत्र्यांनी द्यायचे आहे. ते विचारण्याचे काम मात्र घाटकोपर-मुलुंडच्या, अंधेरी-बोरिवलीच्या नागरिकांनी आणि तेथील युवक संघटनांनी आजच हाती घेतले पाहिजे.